विखुरलेली व्हर्च्युअल डिस्क कशी जोडायची?

परवा मैत्रिणीने जुन्या व्हीएमवेअर मशीनचा बॅकअप पाठवला. व्हीएमडीकेचे 2-2 जीबीचे तुकडे वेगवेगळ्या फोल्डरांत, त्यामुळे डिस्क उघडेना.

अशा डिस्कची किल्ली तिच्या सर्वांत छोट्या फाइलमध्ये असते. ही डिस्क्रिप्टर फाइल साध्या नोटपॅडमध्येही उघडते. कोणता तुकडा कितवा, किती सेक्टरांचा, फाइलचं नाव काय, सगळं तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं. नुसतं नाव असेल, तर तुकडा तिच्याच फोल्डरमध्ये शोधला जातो.

म्हणून तिची प्रत काढून नावांच्या जागी पूर्ण पाथ लिहा. लिनक्सवर सगळ्या तुकड्यांचे सिमलिंक एका फोल्डरमध्ये करणं मला जास्त आवडतं. मूळ काहीच हलत नाही!

मग क्यूईएमयू-एनबीडीने रीड-ओन्ली जोडा आणि माउंट करा.

कुठे अडलात तर जरूर विचारा. डिस्क्रिप्टरमधल्या ओळी पाठवल्यात तर सांगणं सोपं जाईल.