गोळी-सिरपमध्ये जंतू किती चालतात?

इंजेक्शन आणि डोळ्यांचे थेंब पूर्ण निर्जंतुक असावेच लागतात. गोळ्या, सिरप, मलमांना मात्र मर्यादा ठरलेल्या आहेत.

मर्यादा : पोटात घ्यायच्या पातळ औषधात 1 मिलीत जिवाणूंच्या साधारण 100 आणि बुरशीच्या 10 वसाहती; गोळ्यांत 1 ग्रॅमला 1000 आणि 100. ई. कोलाय हा जिवाणू एकही नको.

तपासणी : जिवाणूंसाठी 30-35 अंशांवर 3 ते 5 दिवस, बुरशीसाठी 20-25 अंशांवर 5 ते 7 दिवस नमुना वाढवतात.

तपासणी का महत्त्वाची : 1960च्या दशकात स्वीडनमध्ये थायरॉइडच्या गोळ्यांतून साल्मोनेला जिवाणू पसरून 200हून अधिक लोक आजारी पडले.

आपल्याकडे : लातूर-नांदेडच्या फार्मसी महाविद्यालयांत बी.फार्म.च्या तिसऱ्या सत्रात औषधांचे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. अन्न व औषध प्रशासनाची मराठवाड्यातली प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगरात आहे.

तुमचा हक्क : औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940च्या कलम 26नुसार कोणीही ग्राहक विकत घेतलेले औषध शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. सिरपचा रंग, वास बदलला किंवा बाटली फुगली, तर ते घेऊ नका. पावती जपून ठेवा आणि तक्रार करा.