फोनमधील खातेवही

दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारींच संपला, म्हणजे सायंकाळचा पाठ ऐकावयाचा राहतो, आणि दोष मात्र सिनेमाच्या गाण्यांवर येतो! खरा खर्च कोणाचा, हें फोनच सांगूं शकतो. अँड्रॉइड प्रणालींत प्रत्येक ॲपला बहुधा स्वतंत्र क्रमांक असतो. त्याच्या येण्याजाण्याचें माप त्या क्रमांकाखालीं मांडलें जातें. हा हिशेब सेटिंग्जमध्यें उघडून पाहण्याची सोय २०११ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून झाली. त्यांत समोर उघडलेल्या ॲपचा खर्च व पडद्याआडचा खर्च निरनिराळा दिसतो. विद्यार्थ्यांनीं दुसरा आंकडा आधीं पाहावा. छायाचित्रें आपोआप दूर साठविणारें ॲप पुष्कळदां तेथेंच सांपडतें. त्याचा ‘बॅकग्राउंड डेटा’ तेथेंच बंद करितां येतो. निरोपांच्या ॲपला ही बंदी घातल्यास मात्र निरोप उशिरां पोहोंचतात. आयफोनची वही सहसा महिनाअखेर आपोआप कोरी होत नाहीं. ती आपणच पुसावी लागते.