ग्राहीचा परतीचा प्रवास



पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही म्हणजे कुलूप आणि त्याला येऊन चिकटणारे प्रथिन म्हणजे किल्ली, ही उपमा पाठ्यपुस्तकांत चांगलीच रुळली आहे. ती सोयीची आहे; परंतु कुलूप दारावर एके जागी असते, ग्राही तसा नसतो. मला त्याच्यासाठी विहिरीवरील रहाटाचे गाडगे अधिक जवळचे वाटते.

यकृताच्या पेशींवरील एलडीएल ग्राहीचेच उदाहरण घेऊ. कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएल कण तो रक्तातून टिपतो आणि त्यांच्यासह पेशीत उतरतो. आतील आम्लधर्मी पिशवीत त्याचा आकार बदलून पकड सुटते. कण पचनासाठी लयकारिकेत जातो आणि ग्राही रिकामा होऊन वर परततो. एका फेरीस लागतात सुमारे 10 मिनिटे. वीसेक तासांच्या आयुष्यात अशा शंभरावर फेऱ्या होतात! या ग्राहीच्या शोधाबद्दल ब्राऊन व गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांना 1985 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या फेऱ्यांवर नियंत्रण कोणाचे, याचे उत्तर 2003 नंतर मिळू लागले. यकृतच ‘पीसीएसके-9’ नावाचे एक प्रथिन रक्तात सोडते. ते ग्राहीला बाहेरच बिलगते, तेही एलडीएल जेथे बसतो त्या जागी नव्हे, जरा बाजूला. मौज अशी की, ज्या आम्लामुळे एलडीएलची पकड सुटते, त्याच आम्लात या प्रथिनाची पकड अधिक घट्ट होते. ग्राहीला मग आकार बदलता येत नाही. तोही लयकारिकेत जाऊन नष्ट होतो. गाडगे वर येतच नाही. पृष्ठभागावर ग्राही कमी उरले, की रक्तात कोलेस्टेरॉल साठते.

स्टॅटिन औषधांचे एक कोडे यातून बरेचसे उलगडते. ती ग्राहींची संख्या वाढवतात, पण त्याचबरोबर या प्रथिनाची निर्मितीही वाढवतात. म्हणून मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल जेमतेम 6 टक्क्यांनी आणखी उतरते.

हे प्रथिन रोखले तर? निसर्गाने तो प्रयोग आधीच केला होता. 2006 मध्ये कोहेन, हॉब्स व सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्या कृष्णवर्णीय अमेरिकनांत या प्रथिनाचे एक जनुक जन्मतः निकामी होते, त्यांचे एलडीएल 28 टक्क्यांनी, तर हृदयधमनीविकाराचे प्रमाण तब्बल 88 टक्क्यांनी कमी होते. दोन्ही जनुके निकामी असलेली एक तरुण स्त्रीही आढळली. तिचे एलडीएल होते अवघे 14, आणि प्रकृती उत्तम. आयुष्यभर थोडे कमी असणे हे उतारवयात पुष्कळ कमी करण्याहून मोलाचे ठरते, असे मला यावरून वाटते.

2015 मध्ये या प्रथिनाला रक्तातच पकडणारी प्रतिपिंडे औषध म्हणून मान्य झाली. ती महाग आहेत, हा भाग वेगळा. परंतु आईवडील दोघांकडूनही सदोष ग्राही-जनुक आलेल्या काही मुलांच्या पेशींवर काम करणारा ग्राहीच नसतो. त्यांना ऐन बालपणी हृदयविकार गाठतो आणि त्यांच्यापुढे हे औषध हतबल ठरते. कारण वाचवायला तेथे गाडगेच नसते.