गळ्यात गुंजारव, तोंडात अक्षर

गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि लांबलचक ‘आऽऽ’ म्हणा. बोटांना थरथर जाणवली? आत दोन स्वरतंतू आहेत. बाबा बोलतात तेव्हा त्यांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १२० वेळा थरथरतात, तुमचे त्याच्या दुपटीहूनही जास्त! आता श्वास न तोडता ‘आऽऽ’चं ‘ईऽऽ’ करा, मग ‘ऊऽऽ’. थरथर तशीच चालू आहे. मग बदललं काय? तोंड! जीभ पुढे गेली, मागे सरकली, ओठ गोल झाले. गळ्यातून येतो तो नुसता गुंजारव. त्याचं अक्षर होतं तोंडात.

एडिंबरो शहरातल्या दोन भावांनी १८६३च्या सुमारास हे चक्क करून दाखवलं. त्यांनी एक बोलकं डोकं बनवलं. त्याला रबराचे ओठ आणि गाल होते, हलणारी जीभ होती आणि पत्र्याचा गळा होता. एकानं गळ्यात हवा फुंकायची, दुसऱ्यानं ओठ उघडमीट करायचे. आणि डोकं ओरडलं, ‘मामा!’ इंग्रजीत मामा म्हणजे आई. जिन्यात हा आवाज इतका खरा वाटला, की बाळाला काय झालं म्हणून शेजारी बघायला आले. यातला धाकटा भाऊ कोण, माहीत आहे? पुढे टेलिफोन बनवणारा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल!

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग. कुजबुजत म्हणा: ऊ, ओ, आ, ए, ई. कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत. तरी नीट ऐका, आवाज पायरी पायरीनं बारीक होत जातो. नळाखाली बाटली भरताना ऐकलं आहे ना? पाणी चढतं, वरची पोकळी लहान होते, तसा आवाज बारीक होतो. ‘ऊ’ म्हणताना जिभेपुढची पोकळी मोठी असते, ‘ई’ म्हणताना अगदी चिमुकली.

आणि आपली मुळाक्षरं? क, च, ट, त, प असं सावकाश म्हणा. जीभ घशाजवळून टाळूवर, तिथून दातांवर येते आणि शेवटी ओठ मिटतात. आपल्या देशातल्या जुन्या अभ्यासकांनी दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तोंडातल्या जागा ओळखून हा क्रम लावला, आणि तोही कुठलंच यंत्र हाताशी नसताना! आज रात्री दिवा मालवल्यावर अंथरुणात हळूच म्हणून बघा. जीभ कुठे कुठे टेकते, ते तुमचं तुम्हालाच कळेल.