पाळी, तांबी आणि बिनटाक्याची

मोंढ्यात हमाली करणारा आमच्या गल्लीतला एक तरुण दिवाळीच्या चार दिवस आधी रात्री दहाच्या सुमारास माझ्या दारात येऊन उभा राहिला. चहा झाला. कापसाच्या भावाचं बोलून झालं, येलदरी यंदा किती भरली तेही झालं. तरी उठेना. माझी बायको कपबश्या घेऊन आत गेली तसा खाली मान घालून म्हणाला, "चाचा, तुम्ही पुस्तकं लिहिता म्हणून इचारतो. नसबंदी केल्यावर बी लेकरू राहतं का?"

दोन लेकरं झाल्यावर पोळ्याच्या आठवड्यात त्यानं स्वतःची बिनटाक्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. आमच्याकडे हे धाडसच. आणि आता बायकोला दिवस गेले होते. त्यानं कुणालाही न विचारता मनाशी हिशोब मांडला आणि तिला दोन्ही लेकरांसह वसमतला माहेरी पाठवून दिलं. शेजारीपाजारी सांगितलं, दिवाळीला गेली. तिला परत आणायची की नाही, एवढाच त्याचा खरा प्रश्न होता.

मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस. पण काही वर्षांपूर्वी रेडिओसाठी कुटुंबनियोजनावर एक श्रुतिका लिहिली होती, तेव्हा डॉक्टरांच्या पुढ्यात बसून जे समजून घेतलं ते त्या रात्री कामाला आलं. मी त्याला विचारलं, "तुझ्या सासऱ्याचं रान सिद्धेश्वरच्या कालव्यावर आहे ना? धरणाचं गेट बंद केलं की शेवटच्या चारीचं पाणी त्याच घटकेला थांबतं का?" म्हणाला, "नाही. कालव्यातलं सरेपर्यंत येत राहतं." मी म्हटलं, तुझंही तेच झालंय.

जरा विस्तारानं सांगतो. पुरुषाच्या अंडकोषात दोन गोळ्या असतात, त्यांत शुक्रजंतू तयार होतात. तिथून ते दोन बारीक नळ्यांतून वर जातात, वाटेत दुसऱ्या ग्रंथींचा रस मिसळतो आणि त्याचं वीर्य होतं. नसबंदीत ह्या दोन नळ्या कापून बांधतात. बिनटाक्याच्या पद्धतीत कातडीला एक बारीक छिद्र पाडून हे काम होतं. भूल तेवढ्या जागेपुरती देतात, दहा-पंधरा मिनिटांत माणूस मोकळा होतो. मर्दानगी जात नाही, कारण ती टिकवणारा अंतःस्राव त्या नळ्यांतून जातच नाही, तो थेट रक्तात मिसळतो. वीर्यही पूर्वीसारखंच येतं, कारण त्यात शुक्रजंतूंचा वाटा मुळातच फार थोडा. दोन दिवस आराम करावा, आठवडाभर जड ओझं टाळावं, मग खुशाल पोतं उचलावं. मात्र बांधलेल्या जागेच्या पुढे आधीच जाऊन बसलेले शुक्रजंतू असतात. ते निघून जायला तीन महिने धरतात. तोवर निरोध वापरायचा आणि तीन महिन्यांनी वीर्य तपासून घ्यायचं. त्यात शुक्रजंतू नाहीत असा कागद हातात पडला, की मग नसबंदी पूर्ण झाली म्हणायची.

"हे तुला कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं असंल की. कागद दिला, पाकिटं बी दिली."

पाकिटं त्यानं स्टँडमागच्या नालीत फेकली होती, कुणी पाहिलं तर काय म्हणेल म्हणून. कागद घरात होता, तो घेऊन आला. त्यावर छापलं होतं: वीर्य शुक्रजंतुविरहित झाल्याची खातरजमा करून घ्यावी. सातवीत शाळा सुटलेल्या माणसानं हे वाचून काय करावं?

शब्दांशी रोजचा संबंध असल्यामुळे मला ते फार लागलं. ह्या विषयात आम्हा पुरुषांपाशी दोनच भाषा आहेत, एक शिवीची आणि दुसरी संस्कृतची. शिवीत डॉक्टरांशी बोलता येत नाही आणि संस्कृत कळत नाही. बायकांनी मात्र मधली वाट कधीच पाडली आहे. पाळी चुकली, दिवस गेले, अंगावर जातंय, पिशवीला सूज आहे. सरकारनं कॉपर-टी आणली, तिची बायकांनी 'तांबी' करून टाकली. छोटी, तांब्याची, स्त्रीलिंगी. असा शब्द मला वर्षभर बसून सुचला नसता.

ही मधली भाषा मराठीत छापून आणायचा हट्ट ज्यानं धरला तो माणूस गणिताचा प्राध्यापक होता. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म 1882 चा. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवत असताना ते संततिनियमनाचा प्रचार करू लागले, त्यापायी नोकरी सोडावी लागली. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी दवाखाना उघडला तेही हेच वर्ष. म्हणजे ह्या एका बाबतीत मराठी माणूस जगाच्या मागे नव्हता, हे आपण फारसं सांगत नाही. पुढे जुलै 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि 1953 मध्ये डोळे मिटेपर्यंत चालवलं.

त्या मासिकात वाचक आपल्या शंका विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. अशाच उत्तरांवरून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मासिकच जर लैंगिक प्रश्नांना वाहिलेलं असेल आणि वाचकानं प्रश्न विचारला असेल, तर उत्तर देणं हा गुन्हा कसा, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरले, 200 रुपये दंड झाला. बाबासाहेबांनी विषय मात्र सोडला नाही. नोव्हेंबर 1938 मध्ये त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यासाठीचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलं होतं. तोही फेटाळला गेला. आमचं जिंतूर तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे आमच्या आजोबांच्या कानावर यातलं काही आलं असेल असं वाटत नाही. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' आला 2001 साली, तेव्हा कुठे मी कर्वे शोधून वाचायला लागलो. देशाची लोकसंख्या वाढते म्हणून मुलं कमी करा, एवढ्यावर हा माणूस थांबत नाही. मूल बाईच्या देहात वाढतं, तेव्हा ते हवं की नको आणि कधी हवं हे तिला ठरवता आलं पाहिजे, इथून तो बोलतो. स्वतः मूल होऊ द्यायचं नाही हे त्यांनी आणि मालतीबाईंनी ठरवलेलं होतं.

परत त्या रात्रीकडे येतो. एकदा गाठ सुटल्यावर तो तरुण तासभर विचारत राहिला. पाळीच्या नेमक्या कोणत्या दिवसांत पोर राहतं? मी कॅलेंडर उतरवून दाखवलं. बाईच्या बीजकोशातून साधारण महिन्याला एक बीज सुटतं. त्याआधीच पिशवीच्या आतून मऊ अस्तर तयार होऊ लागलेलं असतं. गर्भ राहिला नाही तर ते अस्तर रक्ताबरोबर गळून जातं, तीच पाळी. त्यात विटाळ म्हणावं असं काही नाही. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या सुमारे 14 दिवस आधी. त्याचं आयुष्य जेमतेम एक दिवसाचं, पण शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणजे जोखमीचे दिवस पाच-सहाच, पण पुढची पाळी कधी येणार हे आधी कुणाला माहीत? म्हणून नुसत्या तारखा मोजण्यावर भरवसा ठेवू नये.

त्याच्या एका दोस्ताला तीन मुली. त्याच्या आईनं सुनेला बोलणं लावलंय. ह्याचंही उत्तर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. बाईच्या बीजात एक्स हेच गुणसूत्र असतं. पुरुषाच्या शुक्रजंतूंत काही एक्सचे, काही वायचे. एक्सचा पोचला तर मुलगी, वायचा पोचला तर मुलगा. बोलणं लावायचंच असेल तर आपल्या लेकाला लावावं लागेल, आणि त्याच्याही हातात काही नसतं. तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसला.

साधनं आज पुष्कळ आहेत आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. रोज घ्यायची माला-एन, सुरुवातीचे तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची छाया, तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं अंतरा इंजेक्शन, पाच किंवा दहा वर्षं चालणारी तांबी. कोणतं कुणाला सोसेल हे तपासूनच ठरतं, शेजारणीला चाललं म्हणून आपल्याला चालेल असं नाही. निरोध गर्भाबरोबर गुप्तरोगही अडवतो, हे बाकीच्यांना जमत नाही. चूक झालीच तर 72 तासांच्या आत घ्यायची गोळी आहे, पण ती नेहमीसाठी नव्हे. आणि अंगावर पांढरं जातंय एवढ्यावरून कुणी पिशवी काढून टाका म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय टेबलावर जाऊ नये. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या भागातल्या बायकांनी ह्या सल्ल्यापायी काय भोगलं ते 2019 साली बीड जिल्ह्याच्या निमित्तानं सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं.

आता पुरुषांचं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी जवळपास 38 टक्क्यांचं ऑपरेशन झालेलं होतं. ज्यांच्या नवऱ्यानं नसबंदी केली, अशा 0.3 टक्के. ऑपरेशन पुरुषाचं सोपं, बाईचं पोट उघडून किंवा दुर्बिणीनं करायचं, आणि आकडे असे उलटे. याची एक मुळी आणीबाणीत आहे. 1976-77 ह्या एका वर्षात देशात सुमारे 82 लाख नसबंद्या झाल्या, त्यांतल्या तीन-चतुर्थांश पुरुषांच्या. महाराष्ट्रानं तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो. सरकारी जीपचा धुरळा दिसला की अब्बा आणि मामू रात्री रानात झोपायला जायचे. अम्मी आम्हाला सांगायची, कुणी विचारलं तर म्हणा, परभणीला गेलेत. 'नसबंदी' हा शब्द माझ्या कानात त्या धुरळ्यासकट बसला.

तो किती खोल बसला होता ते तिसरं मूल झाल्यावर कळलं. आता पुरे, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. ऑपरेशन कुणाचं, यावर आमच्यात एक वाक्यही झालं नाही. बाईचंच, हे जणू आधीच ठरलेलं होतं. तिला आत नेलं तेव्हा मी दवाखान्याच्या गेटवर उभा होतो. टाके निघाल्यावरही तिची पाठ दोन महिने धरलेली होती आणि मी त्याच दिवसांत आईवर कविता लिहीत होतो. ती कविता अजून लोक मागून घेतात. बायकोनं कधी मागितली नाही.

आमच्या बिरादरीत ह्या विषयाला आणखी एक आडकाठी सांगितली जाते, धर्माची. मी आलिम नाही, पण वाचलं ते सांगतो. पैगंबरसाहेबांच्या काळात त्यांचे साथी अज्ल करत, म्हणजे वीर्य बाहेर सोडत, आणि त्यांना मनाई झाली नाही, अशी हदीस आहे. इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी अज्ल जायज ठरवताना बाळंतपणात बाईच्या जिवाला असलेला धोका आणि लेकरांच्या पोटासाठी होणारी ओढाताण ही कारणं मान्य केली. बाळाला पुरी दोन वर्षं अंगावर पाजण्याचं कुरआनात आहे, दोन मुलांतलं अंतर म्हणजे आणखी काय असतं? कायमच्या ऑपरेशनला बरेच उलेमा नाही म्हणतात, हेही खरं. तात्पुरत्या साधनांना नवरा-बायकोच्या संमतीनं बहुतेकांची हरकत नाही. आणि बायकांनी फतव्यांची वाट पाहिलेली नाही. 1992-93 मध्ये मुस्लिम बाईमागे सरासरी 4.4 मुलं होती, 2019-21 मध्ये ती 2.4 वर आली. लग्नं मात्र अजून लवकर होतात, आणि हे फक्त आमच्याकडे नाही. त्याच पाहणीत आपल्या परभणी जिल्ह्यातल्या विशीतल्या निम्म्याजवळ मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. सतरा वर्षांच्या पोरीला तांबी म्हणजे काय ते कोण सांगणार, आणि तिनं विचारायचं तरी कुणाला?

दिवाळी झाल्यावर मी त्या तरुणाबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि वीर्यतपासणी लिहून दिली. अहवालात शुक्रजंतू निघाले. तसे ते निघाले नसते तरी बायकोवर संशय घ्यायला जागा नव्हती, कारण दिवस गेले ते महिनाभर आधी, तेव्हाचं पाणी कालव्यात होतंच. त्याच पावली तो वसमतला गेला. ती आठ दिवस आली नाही. तिचं म्हणणं, कागद तुमच्या खिशात ठेवा, आधी माझ्या बापासमोर बोला. तो बोलला, काय बोलला ते त्यानं मला सांगितलं नाही. राहिलेल्या गर्भाचा निर्णय तिचा. 1971 च्या आणि 2021 मध्ये सुधारलेल्या कायद्यानं, संततिनियमनाचं साधन फसलं तर सज्ञान बाईला गर्भपाताची वाट खुली आहे आणि त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही, एवढं मी माझ्या बायकोकरवी तिच्या कानावर घातलं. पुढचं विचारलं नाही.

पौषात तो पुन्हा माझ्याकडे आला, तीन महिन्यांनंतरची तपासणी राहिली होती. लॅबच्या खिडकीशी गर्दी होती. चिठ्ठी माझ्यासमोर धरून म्हणाला, "चाचा, इथं काय लिवलंय ते जरा तुम्हीच सांगा त्याला." मी चिठ्ठी परत त्याच्या हातात दिली. तो बराच वेळ रांगेत उभा राहिला, नंबर आल्यावर खिडकीत वाकला आणि काय म्हणाला ते मागे कुणालाच ऐकू आलं नाही. आतल्या पोरानं डबी पुढे केली.