आवड गेली की आत्मविश्वास गेला?

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘मला इंजिनिअरिंगची आवडच नाही.’ यंदा हे म्हणणारा मुलगा आठवीत असताना विहारातला बंद पडलेला अ‍ॅम्प्लिफायर उघडून चालू करायचा. आता गणित आणि ग्राफिक्समध्ये तो राहिला आहे आणि कॉलेज सोडायचे म्हणतो.

अशा वेळी आम्ही आधी कारण शोधतो.

पहिले कारण अभ्यासक्रमाचे. पहिल्या वर्षी सर्व शाखांना बरेचसे विषय सारखेच असतात : गणित, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, ग्राफिक्स, प्रोग्रामिंग. निवडलेल्या शाखेचे मुख्य विषय दुसऱ्या वर्षापासून सुरू होतात. म्हणजे जे अजून शिकलोच नाही, त्याची आवड नाही असे आपण ठरवून टाकतो.

दुसरे कारण सवयीचे. सीईटीत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. विद्यापीठाच्या पेपरात पायऱ्या मांडून उत्तर लिहावे लागते, तेही इंग्रजीत. दहावीपर्यंत त्वरण, संवेग, विभवांतर शिकलेल्या मुलाला संकल्पना कळते, मांडता येत नाही. हा बुद्धीचा दोष नव्हे. ग्राफिक्सही हात आणि डोळ्यांच्या सरावाचा विषय आहे. साबणाची वडी तिरकी कापा, समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते ते रोज काढा. महिनाभरात फरक दिसेल.

तिसरे कारण पैशाचे, आणि ते मुले सांगत नाहीत. महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त असेल तर फ्रीशिपची वाट आहे. अर्जातली त्रुटी वेळेत दुरुस्त झाली नाही, की फीचा तगादा सुरू होतो आणि वर्गात बसणेही नकोसे वाटते.

म्हणून कार्यकर्त्यांना आमची विनंती : केवळ गुणवंतांचे सत्कार करून थांबू नका. नापास झालेल्याच्या घरी जा. वस्तीतल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलामुलींना रविवारी विहारात दोन तास बसवा. अर्जाची तारीख फलकावर लिहा.

बाबासाहेब अर्थशास्त्र आणि कायद्याचे पंडित. तरीही 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी वीज आणि पाटबंधाऱ्यांचे प्रश्न मुळातून अभ्यासले. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्याच काळात झाली. समजून घेत गेले की विषय आपला होतो.

सगळे करूनही मन लागले नाही, तर वाट बदलण्यात कमीपणा नाही. पण तो निर्णय एका गुणपत्रिकेवर घेऊ नका. धम्म ‘एहिपस्सिको’ म्हणतो : ये आणि स्वतः पाहा. आधी नीट पाहा, मग ठरवा.

जय भीम!