पिवळी पिशवी, लाल पिशवी

रुग्णालयातून बाहेर पडणारा सगळाच कचरा धोकादायक असतो, ही समजूत जितकी रूढ आहे तितकीच चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आरोग्यसेवेतून निर्माण होणाऱ्या कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के भाग, म्हणजे कागद, खोकी, वेष्टने, उरलेले अन्न इत्यादी, घरगुती कचऱ्यासारखाच असतो आणि उरलेला सुमारे १५ टक्के तेवढा संसर्गजन्य, विषारी किंवा क्वचित किरणोत्सारी असतो. मात्र रक्ताने भिजलेला कापसाचा एक बोळा कागदाच्या टोपलीत पडला की ती सबंध टोपली धोकादायक मानावी लागते; त्यामुळे या कचऱ्याचे पुढे काय होणार, हे बहुतांशी रुग्णाच्या खाटेशेजारीच ठरून गेलेले असते.

या जैववैद्यकीय कचऱ्यासाठी भारतात १९९८ साली प्रथम स्वतंत्र नियम झाले आणि मार्च २०१६ मध्ये त्यांची जागा अधिक कडक नियमांनी घेतली. या नियमांचा गाभा म्हणजे चार रंग: शरीराचे काढलेले भाग, रक्ताळलेली मलमपट्टी आणि मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, हातमोजे असे दूषित प्लास्टिक लाल पिशवीत, सुया व पाती पांढऱ्या, टोचून न फाटणाऱ्या डब्यात, आणि काच, तसेच शरीरात बसवायची धातूची उपकरणे निळ्या खुणेच्या खोक्यात. इंजेक्शन देऊन झाले की परिचारिकेच्या हातातील एकाच सिरिंजचे दोन भाग होतात. सुई कटरने तुटून पांढऱ्या डब्यात पडते आणि प्लास्टिकची नळी लाल पिशवीत जाते. हे काम काही सेकंदांचे असते, पण तेवढे टाळले गेले तर पिशवी उचलणाऱ्या मावशींच्या बोटात ती सुई शिरू शकते. संसर्ग झालेल्या रुग्णाची सुई टोचल्यास, संरक्षक लस न घेतलेल्या व्यक्तीला ‘ब’ प्रकारच्या काविळीची लागण होण्याचा धोका ३० टक्क्यांपर्यंत, तर एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के असतो.

पिवळी पिशवी मुख्यतः भट्टीत जाते. नियमांनुसार भट्टीच्या पहिल्या कप्प्यात किमान ८०० अंश सेल्सियस आणि दुसऱ्या कप्प्यात सुमारे १०५० अंश तापमान राखावे लागते व धूर दुसऱ्या कप्प्यात किमान दोन सेकंद थांबावा लागतो. या अटीमागचे कारण आहे डायॉक्सिन आणि फ्युरान. क्लोरिन असलेले प्लास्टिक, विशेषतः पीव्हीसी, अपुऱ्या उष्णतेत जळाले किंवा तापलेला धूर सावकाश निवत गेला, तर ही अत्यंत विषारी द्रव्ये तयार होतात, प्राण्यांच्या चरबीत साठतात आणि दूध, मांस, मासे यांच्यावाटे माणसात उतरतात. त्यांपैकी सर्वांत घातक प्रकार कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झालेले आहे. राख उरते तीही निरुपद्रवी नसते, आणि तिच्यातील विषारी धातू प्रमाणाबाहेर असतील तर ती तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथे आहेत तशा घातक कचऱ्याच्या सुरक्षित भरावक्षेत्रात न्यावी लागते. भट्टी ही अपरिहार्य सोय आहे खरी, पण ‘सगळे जाळून टाकले की सुटलो’ असे म्हणणे म्हणजे जंतूंचा प्रश्न हवेवर ढकलणे होय.

लाल पिशवीचा मार्ग वेगळा असतो. तिच्यातील प्लास्टिक ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरच्या तत्त्वावर चालणाऱ्या बंद पात्रात, वाफेच्या दाबाखाली ठेवले जाते (उदाहरणार्थ १२१ अंशांवर तासभर). जंतू खरोखर मेले की नाहीत हे उष्णतेला दाद न देणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू आत ठेवून तपासले जाते, आणि मग त्या प्लास्टिकचे तुकडे करून ते पुनर्वापरासाठी पाठवले जाते. तुकडे करणे हा उपचार नव्हे. ती फसवणूक रोखण्याची तजवीज आहे. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा येथे ‘ब’ काविळीची जी जीवघेणी साथ आली तिचा संबंध पुन्हा वापरलेल्या सिरिंजशी जोडला गेला आणि वापरलेल्या सिरिंज भंगारातून बाजारात परततात हे त्या वेळी उघड झाले. अखंड सिरिंज धुऊन पुन्हा विकता येते, तुकडे विकले तर फार तर बादल्या होतात.

प्रत्येक रुग्णालयाने स्वतःची भट्टी पेटवू नये म्हणून ७५ किलोमीटरच्या आत सामाईक प्रकल्प असेल तर कचरा तिथेच द्यावा आणि मानवी अवयव व रक्ताळलेला कचरा उपचाराविना ४८ तासांहून अधिक काळ ठेवू नये, असा नियम आहे. सामाईक प्रकल्पामुळे देखरेख सोपी होते, पण धुराचा भार एका वस्तीवर पडतो. मुंबईत गोवंडीच्या रहिवाशांनी अशा प्रकल्पाविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली, ती त्यामुळेच. दुर्गम भागात जिथे असा प्रकल्प पोहोचत नाही तिथे दोन मीटर खोल खड्डा खणून, त्यात कचऱ्यावर चुना व माती टाकून तो पुरण्यास मुभा आहे. सामाईक प्रकल्पाच्या शुल्काचा प्रश्नही वाटतो तितका साधा नाही, कारण खाटांच्या संख्येवर शुल्क आकारले तर कचरा कमी करण्याची कुणाला निकड वाटत नाही आणि वजनावर आकारले तर चार पिशव्या गुपचूप पालिकेच्या कुंडीत टाकण्याचा मोह होतो.

आता रुग्णालयाबाहेरचा प्रश्न. घरी इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या सुया आणि मुदत संपलेल्या गोळ्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी ‘घरगुती घातक कचरा’ म्हणून वेगळ्या काढल्या, तरी प्रत्यक्षात त्या ओल्या-सुक्या कचऱ्यातूनच घंटागाडीत जातात आणि तो कचरा पुढे उघड्या हातांनी निवडला जातो. ज्या घरात अशा सुया वापरल्या जातात त्यांनी त्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवाव्यात, झाकण घट्ट लावून वर ‘वापरलेल्या सुया’ असे लिहावे आणि बाटली घंटागाडीत न टाकता पालिकेच्या संकलन केंद्रात द्यावी किंवा आपले रुग्णालय ती स्वीकारते का, हे विचारावे.